मशीनचं कपाळ

ती. नवलमामा,

पाया पडते. लिहिण्यात चुका होतील (आठवीतच शाळा सुटली, तुम्हाला माहीतच आहे) आणि एका बोटानं टाइप करते म्हणून उशीर झाला, माफ करा. मामीचा गुडघा कसा आहे? इकडे भडगावला मी बरी आहे, फक्त कोणाला तोंड दाखवायची लाज वाटते.

तुम्ही जिनलताईंकडे शब्द टाकून मला कामाला लावलं (त्यांच्या वडिलांच्या जळगावच्या दुकानाची गाडी तुम्ही चालवता म्हणून त्यांनी ऐकलं तरी). ताईंची कंपनी पाण्यात बुडी मारणारं मशीन घेऊन नदीचे डोह धुंडाळते, कासवं कुठं उरली ते बघते, आणि गावाला तिथं जाळी टाकू नका म्हणून सांगते. परवा नवीन मशीन आलं. आपल्या असोद्याला ट्रॅक्टर आला तरी पूजा होते, मग याची नको का? ताई चहाला गेल्या तेवढ्यात मी नारळ फोडला (दगडावर, मशीनवर नाही) आणि कुंकू लावलं. पाण्यात निघून जाऊ नये म्हणून तेलात कालवून, चांगलं जाड. पुढं गोल काच होती, मला वाटलं हेच कपाळ. मामा, तो कॅमेरा होता.

मशीन गिरणेच्या डोहात सोडलं. काठावर अख्खं गाव ताईंच्या स्क्रीनवर वाकलेलं. तर मशीन जाईल तिकडं समोर लाल गोळा! वळवलं तरी पुढंच. होडीवाले झुलालनाना ओरडले, "आसरा शे ती! पाण्यातली देवी! आते जाळं कोन टाकी?" गावातल्या कमलबाईंनी तिथंच ओटी भरली. ताईंनी इतक्या मीटिंगा घेऊन जी जाळी निघाली नव्हती ती लोकांनी आपणहून ओढून काढली. ताईच तेवढ्या डोकं धरून बसल्या. "दीपा, हे काय असेल गं?" सगळे नमस्कार करत होते, मग मी पण केला. माझ्याच कुंकवाला.

तुमची शरमिंदी भाची,
दिपमाला

ता. क. मशीन पुसायला आज ताईंनी मलाच दिलं. फडकं लालभडक झालं, आणि ताई मागंच उभ्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "थाप मारून कासवं वाचवायची नाहीत मला. उद्या गावाला तूच सांग." मामा, चारचौघांत मला स्वतःचं नाव पण सांगता येत नाही. सकाळच्या एसटीनं या ना, नुसते शेजारी उभे राहा.

ता. क. आणखी एक. तुम्ही बोलू नका. कासवं खरंच दिसली होती, त्या लालच्या कडेनं पोहत होती. ते पण मीच सांगेन.

आईचा फोन आला होता, असोद्याच्या बेबाबाईची म्हैस व्याली, रेडी झाली.