आवाज साठवायची डबी

४ नोव्हेंबर

स्वरयंत्र काढावं लागणार. पूर्ण. डॉक्टर समजावत होते आणि चंदन मान हलवत होता, जणू दुसऱ्या कुणाच्या गळ्याबद्दल चाललंय. पुढच्या महिन्यात ऑपरेशन. जीव वाचेल म्हणाले. आवाज नाही.

बाहेर आल्यावर चंदनने ऑटोवाल्याशी कन्नडमध्ये भाड्यावरून केवढी हुज्जत घातली! एरवी कधी घालत नाही. बोलायचं होतं त्याला, बाकी काही नाही.

५ नोव्हेंबर

जाहिरातींना आवाज देऊन, लग्नांत गाऊन ह्या माणसाने आमचं घर चालवलं. मागची छोटी खोली म्हणजे आमचा स्टुडिओ. भिंतीला टेकवलेल्या गाद्या, माइक, लॅपटॉप. आज तिथेच बसून म्हणाला, आवाज साठवून ठेवूया.

मी म्हटलं, गाणी आहेतच की.

गाणी नकोत म्हणाला. साधं बोलणं हवंय. "आईला रोज फोन कोण करणार?"

सासूबाई निपाणीला एकट्या असतात. संध्याकाळ झाली की चंदनचा फोन जातो, एक दिवस चुकत नाही. सासरे घशाच्याच दुखण्याने गेले. त्यांचं सगळं सासूबाईंनीच केलं, शेवटपर्यंत. त्यामुळे चंदनचं ठाम आहे: तो बरा होऊन समोर उभा राहीपर्यंत आईला कळता कामा नये.

मला पटलं नाही. पण हो म्हटलं.

६ नोव्हेंबर

करून पाहिलं. वाया गेलं सगळं. आवाज इतका बारीक झालाय त्याचा! माइक आणि लॅपटॉपच्या मधली आमची ती जुनी पेटी — ऑडिओ इंटरफेस — तिचं बटण शेवटपर्यंत पिळावं लागतं. मग आवाजाबरोबर खरखरही वर येते. शिवाय लॅपटॉपमधून फिरून हेडफोनमध्ये येईपर्यंत किंचित उशीर होतो. पूर्वी तो ह्यावर हसायचा. आज हेडफोन काढून ठेवले.

"माझ्या मागून कोणीतरी माझंच बोलतंय," म्हणाला.

मी वळून पाहिलं. खरंच पाहिलं.

९ नोव्हेंबर

नवा इंटरफेस घ्यायचा. मेट्रोने चिकपेटला उतरून एस. पी. रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारापर्यंत चालत गेले. दुकानदार लाल-निळे दिवे दाखवत होता, आठ वाद्यं एकदम जोडता येतात म्हणत होता. मला एक माणूस जोडायचाय. तसं त्याला सांगितलं नाही.

१० नोव्हेंबर

हॉस्पिटलचा फोन. ऑपरेशन पुढच्या आठवड्यातच.

११ नोव्हेंबर

इथल्या शिवाजीनगरला रोशनकडे गेले. वाद्यांचं दुकान आहे त्याचं, चंदनचा जुना मित्र. पहिला इंटरफेस मुठीएवढा, पण बटण वाढवलं की सूं सूं. दुसरा स्वच्छ होता, पण त्याला वेगळी वीज लागते आणि दप्तराएवढा जड. वॉर्डात खाटेवर कुठे ठेवणार? तिसरा पानाच्या डब्याएवढा. एकच माइक लागतो, लॅपटॉपवरच चालतो, आणि बोललेलं त्याच क्षणी कानात येतं, मागून नाही.

रोशनने विचारलं, कुठलं गाणं लावू? काहीच नको म्हटलं. बटण पूर्ण वाढव आणि गप्प बस.

हेडफोनमध्ये काही नव्हतं. मग माझाच श्वास ऐकू आला. हाच घेतला.

रोशन दारापर्यंत आला. चंदनला भेटायला येतो म्हणाला, आणि डोळे पुसायला आत गेला.

१३ नोव्हेंबर

"आई, जेवलीस का?"

"गुडघा कसा आहे?"

"हां हां. बरं आहे की."

"काम फार आहे ग, ह्या महिन्यात जमत नाही."

दिवसभर हेच. तीन-तीन तऱ्हांनी. येलहंक्यात राहायचं म्हणजे विमानं आलीच. चांगला जमलेला एक तुकडा विमानाने खाल्ला आणि चंदन हसत सुटला. ते हसू ठेवलंय, विमानासकट. ठरवून हसायला सांगितलं तेव्हा त्याला जमलं नव्हतं.

संध्याकाळी म्हणाला, आता तुझ्यासाठी काहीतरी. मी माइक बंद केला. मला काही नको. तू आहेस की.

१८ नोव्हेंबर

वॉर्ड. डबी जेवणाच्या ट्रेवर ठेवली. "उद्या करतो ग फोन." हे शेवटचं भरलं. दोनदा.

१९ नोव्हेंबर

झालं. जिवंत आहे.

३ डिसेंबर

घरी आलो. सासूबाईंना इतके दिवस सांगत होते, चंदन गाण्याच्या दौऱ्यावर आहे, रेंज नाही. आज पहिला फोन. फोन लाउडस्पीकरवर टाकला, लॅपटॉपचा स्पीकर त्याच्यापाशी धरला आणि तुकडे वाजवत गेले. पलीकडून त्या बोलत होत्या. गुडघ्याला तेल लावते म्हणाल्या.

चंदन समोर बसला होता, मानेला पट्टी. खोलीत त्याचा आवाज, आणि त्याचे ओठ मिटलेले. मला त्याच्याकडे बघवेना. आवाज आला की माझी नजर दाराकडे जात होती. जणू तो तिकडून येणार होता.

६ डिसेंबर

फोनच्या वेळी चंदन आता गॅलरीत जाऊन बसतो.

दुपारी फायली नीट लावताना एक तुकडा सापडला. मध्ये माइक चालूच राहिला होता. "कावेरी, स्वल्प चहा टाक की." मी ऐकला. पुन्हा ऐकला. मग उठून खरंच चहा टाकला! कप घेऊन वळले तर दारात चंदन. त्याने ऐकलं होतं. पाटीवर लिहिलं: कुणासाठी?

कप त्याच्या हातात दिला.

९ डिसेंबर

आज फार वाईट झालं.

सासूबाई बोलता बोलता म्हणाल्या, नागोजी गेला. त्यांचा पाठचा भाऊ! चंदनला ह्याच मामाने खांद्यावर बसवून गाणं शिकवलं. आणि माझं बोट आधीच पडलं होतं.

"हां हां. बरं आहे की."

त्यानंतर हसूही वाजलं असतं. लॅपटॉप झटकन मिटला. मग त्या "हं" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

चंदन गॅलरीतून धावत आला होता. मामा म्हणून तोंड उघडलं त्याने. नुसतंच उघडं राहिलं.

१० डिसेंबर

सकाळीच त्यांचा फोन. मी लॅपटॉपकडे धावले.

"ते यंत्र राहू दे पोरी. चंदनला दे."

कधी कळलं, विचारलं.

"पहिल्याच दिवशी. माझं बोलणं पुरं होऊ दिलं त्यानं. जन्मात कधी दिलंय? म्हटलं, तुम्हाला धीर येईल तेव्हा सांगाल. पण आता नागोजी गेला, मलाच धीर नाही."

फोन लाउडस्पीकरवर करून चंदनला दिला. त्याने तो कानाला लावला नाही, गळ्यातल्या छिद्रापाशी धरला, जिथून आता श्वास येतो. बराच वेळ तेवढाच आवाज होता खोलीत.

पलीकडून त्या म्हणाल्या, "हां. आता बोल."