भाच्याच्या व्यासपीठामुळे बदललेली माझी व्यवस्था

मंगळवार, ११ मार्च २०२५ रोजी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या भाच्याने कारखान्याच्या आगीतून वाचलेल्या एका बाईंना व्यासपीठावर बसवले. मोठ्या आघातातून सावरणाऱ्यांसाठी समुपदेशक घडवणारी संस्था मी काढली. आता तो तिचा संचालक आहे. चाळीस शिकाऊंसमोर माईक पुढे करून तो बाईंना म्हणाला, "त्या दिवशी काय झालं, पहिल्यापासून सांगा."

बाई दाराकडे पाहू लागल्या. मी उठले.

"मावशी, प्रात्यक्षिक चाललंय. मध्ये येऊ नकोस."

मी मध्ये आले. बाईंना बाहेर नेले, कुठे बसायचे ते त्यांनाच ठरवू दिले. अर्ध्या तासाने त्या म्हणाल्या, "घरी कुंड्या सुकल्या असतील." तिथून आम्ही बोलू लागलो.

सबब मी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहिते. आधीची सर्व रद्द. डोके शाबूत असल्याचा दाखला सोबत आहे. डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला, मी त्यांना झोप किती लागते ते विचारले. पुढचा पाऊण तास ते बोलत राहिले.

१. माझी पुस्तके धाकट्या बहिणीला, म्हणजे भाच्याच्या आईला. निम्मी तिच्याकडेच अडकली आहेत, उरलेली नेऊन संच पूर्ण करावा.

२. "लोकांची रडगाणी ऐकून तुमच्या पदरात काय पडतं?" असे तीस वर्षे विचारणाऱ्या वहिनींना एक डझन कोरे हातरुमाल.

३. लोकरीची टोपली, मळायच्या मातीचा डबा आणि चटया शिकाऊंना. ज्याला शब्द सापडत नाहीत, त्याच्या हातांना काम लागते. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर मला बडबडीबद्दल तासभर गप्प बसवत. पुढे तीच विद्या पोटापाण्याला आली. माझ्याकडे पहिला महिना घटनेबद्दल अवाक्षर काढायचे नाही, असा नियम होता. झोप, भूक, अंगदुखी, घरची माणसे, एवढेच विचारायचे. शिकाऊ असताना भाचा दुसऱ्याच आठवड्यात म्हणाला, "मुद्द्यावर कधी यायचं?" आता तो बहात्तर प्रश्नांचा फॉर्म दोन दिवसांत शिकवतो.

४. राहते घर संस्थेला, पण अटींवर. व्यासपीठ मोडावे. माझ्या वेळचा सहा महिन्यांचा वर्ग पूर्ववत सुरू करावा. पहिला महिना भाच्याने स्वतः मागच्या चटईवर बसून, तोंड मिटून शिकावे. बाईंची माफी मागावी. मात्र त्यांना ती ऐकायची आहे का, हे आधी विचारावे. अटी अमान्य असल्यास घर संस्थेच्या स्वयंपाकीणबाईंना. समोरचा आपणहून बोलेपर्यंत त्या निमूट भाजी निवडत बसतात, आणि आमचे बरे शिकाऊ त्यांच्याकडूनच तयार झाले. त्यांनी तिथे वर्ग चालवावा की खाणावळ, त्यांची मर्जी.

साक्षीदार:
१. दाखला देणारे डॉक्टर (सही)
२. शेजारच्या शिंपीणबाई (सही, वाचताना दोनदा हसल्या)

लिहून देणार: संस्थेची पहिली संचालिका (सही)
स्थळ: राहते घर. दिनांक: १७ मार्च २०२५

भाच्यास प्रत समक्ष दिली. मी अजून जिवंत आहे, तेव्हा उत्तर मलाच दे. फोन नको, आईला मध्ये घालणे नको. सोमवार, ३१ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत अटी मान्य की अमान्य ते स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून कळव. पाचनंतर आलेले उत्तर मी स्वयंपाकीणबाईंकडे पाठवीन. त्यानंतर घराबद्दल बोलायचे ते त्यांच्याशीच.