भैरोबाच्या तीर्थाचा पहिला मान

बुध. २२ ऑगस्ट १९५६, धार
शाळेच्या पेटीचा गंधार बिघडवला. सुराच्या पितळी पट्टीवर कानस केसभर जास्त लागली. बावीस वर्षं पेट्या लावतो, कुणा उस्तादाच्या पायाशी न बसता. इंदूरहून लोक येतात. सकाळी दहाला हात थरथरला, कारण तोवर घेतली नव्हती. घेतली, मग स्थिर. लिहायला लाज वाटते. पण खोटं लिहायचं तर वही कशाला?
देवासच्या कंपाउंडरचं पत्र पुन्हा वाचलं. गेल्या महिन्यात त्यांची पेटी पोचवली तेव्हा तोंडाचा वास आला असणार. लिहितात, स्वतः पंधरा वर्षं प्यालो, आता सोडलीय. दर रविवारी तीनला आम्ही चार पिणारे बसून बोलतो, त्याने निभतं. या.
पिणारे! मला!

रवि. २६ ऑगस्ट
गेलो. सौ.ला सांगितलं, पेटीचं काम. धार-इंदूर, इंदूर-देवास, दोन मोटारी. टेकडीखाली कंपाउंडरची माडी. आधी एक वाक्य म्हणायचं, मग बोलायचं, असा नेम. नाथू टांगेवाला: "म्हूं नाथू. म्हूं दारूड्यो." जसं कुणी गाव सांगावं. माझी पाळी. म्हटलं, "मी जाधव. पेट्या दुरुस्त करतो."
नाथू हसला. "पेटी तो ठीक, भिया. पेटीवालो?"
कंपाउंडर म्हणाले, घाई नाही.
पुन्हा यायचं नाही असं ठरवून जिना उतरलो. पण परतताना दारूच्या कलालीकडे वळलो नाही. का, ते कळलं नाही.

रवि. १६ सप्टें.
एकवीस दिवस. पहिले चार कसे गेले ते लिहिणार नाही. सौ.ला हिवताप सांगितला. तिने काढा दिला, विचारलं काही नाही.
बैठकीत कंपाउंडर म्हणाले, सोडून पाच वर्षं झाली. मी म्हटलं, मागच्या रविवारी साडेचार म्हणालात. दुसऱ्याच्या चुका काढायला इतक्या लांब येतो की काय मी?
वाक्य अजून म्हटलेलं नाही.

मंगळ. २ ऑक्टो., धार
आत्याबाई आल्या, दसऱ्याचं ठरवायला. थोरले दादा वैशाखात वारले, म्हणजे शस्त्रपूजेनंतर भैरोबाच्या तीर्थाचा पहिला मान माझा. आमच्या घराण्यात तीर्थ म्हणजे मोहाची दारू, ओंजळभर. थोरल्याने घेतल्याशिवाय बाकीचे शिवत नाहीत.
त्याच दिवशी हाटपिपल्याचे तात्यासाहेब मोहिते येणार. आमच्या कुसुमला मुलासाठी पसंत केलंय. घरचा कुळाचार पाहून शब्द देऊ म्हणतात.
"आत्याबाई, औंदा धाकट्याने पहिलं घेतलं तर?"
"का? माळकरी झालास?"
कारण सांगावं तर कुसुम दारुड्याची पोर. न सांगावं तर...

रवि. ७ ऑक्टो.
बैठकीत विचारलं, तीर्थ पिण्यात धरायचं का? नाथू म्हणे, "देव का पेट में गई तो देव की. थारा पेट में गई तो थारी." हसलो आम्ही सगळे. मग कंपाउंडर म्हणाले, खरं कारण सांगून टाका.
"तुम्हाला सांगायला काय जातं? लग्नाची मुलगी माझ्या घरात आहे."
"माझ्याही होती," ते म्हणाले. "सांगितलं. मोडलं."
चहा निवून गेला.

रवि. १४ ऑक्टो., दसरा
बैठक चुकली. पूजा झाली, तलवारीला झेंडू वाहिला. आत्याबाईंनी ओंजळीत तीर्थ ओतलं. सात आठवड्यांनी तो वास. ओंजळ ओठांपर्यंत आली, हे नक्की. मग डोळ्यांना लावली आणि सगळी डोक्यावर रिती केली. म्हटलं, "पहिलं तीर्थ मस्तकी."
अशी कुठलीही रीत नाही. पण मान थोरल्याचा, म्हणून धाकट्यानेही डोक्यावर घेतलं. मागून त्याचे मेहुणे. आत्याबाई ओरडल्या, "अरे मेल्यांनो, देवाला पाजताय की स्वतःला न्हाऊ घालताय!"
तात्यासाहेबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यांनीही डोक्यावरच घेतलं. शब्द न देता पाचच्या मोटारीने गेले.
एक ओघळ मिशीत उतरला होता. जीभ लागली की नाही? लागली असावी. नाही.
सौ.ने सदरा दोनदा धुतला. म्हटलं, प्यालो नाही.
"मी विचारलं का?"

गुरु. १८ ऑक्टो.
तात्यासाहेबांचा बंद लखोटा. सोयरिकीचं अक्षर नाही. "आपण दर रविवारी देवासास जाता असे कळले. कोणाकडे जाता, तो पत्ता कळवावा. एका इसमास उपयोग होईल."
सहा वेळा वाचलं. ही माझी चौकशी, की तो इसम ते स्वतः? अक्षर नीटनेटकं, त्यावरून काही कळत नाही. पत्ता द्यावा तर तिथे काय चालतं हेही लिहावं लागेल. न द्यावा, आणि इसम खराच असला तर? चार मसुदे फाडले.
सौ. दारात आली.
"मोहित्यांचं ना? काय म्हणतात?"
"देवासचा पत्ता मागतात."
"मग मलाही सांगा. कुठे जाता ते मलाही कुठे ठाऊक आहे?"
हे लिहितोय. चुलीवर वरण उतू जातंय, तिलाही वास येतोय. ती दारातून हलत नाही.