बाबांची शाल

जेरुसलेम, ५ ऑक्टोबर १९४१

चि. शबताय यास,

रीत आहे म्हणून अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा दुखतो, तरी आजच्या सणासाठी तिने अंगणात मांडव घालून घेतला. तुझ्या आवडीचे चीज भरून भाजलेले बुरेकास केलेत. ‘शबताय नक्की येणार,’ म्हणते. प्रायश्चित्ताच्या उपासाच्या आदल्या दिवशी तू येऊन बाबांची प्रार्थनेची शाल मागून नेलीस, तेव्हापासून गल्लीभर सांगत सुटली आहे, ‘पोलिसात गेला, तरी पोरगा देवाला विसरला नाही हो!’ मी आत निघून जाते.

शेजारचा ओवादिया अजून कोठडीत आहे. शुक्रवारी मी त्याला डबा नेला. एक डोळा सुजून बंद झालाय. म्हणाला, “रेनाताई, सारखं विचारतात, शिंग कुणी आणून दिलं? म्हटलं, एडका स्वतःच देऊन गेला!” हसला, तर ओठातून रक्त आलं.

शबताय, मी तुला पाहिलं.

आपल्या प्राचीन मंदिराच्या उरलेल्या भिंतीपाशी एडक्याचं शिंग फुंकायचं नाही, हा तुमच्या इंग्रज साहेबाचा हुकूम. आपली ज्यू माणसं तो दरवर्षी मोडतात आणि तुरुंगात जातात, हे तुला नवीन नाही. यंदा उपास सुटताना ओवादियाने फुंकलं. त्याच्या शेजारी डोक्यावरून शाल ओढलेला एक माणूस होता. तोंड दिसत नव्हतं, पण पायात काळे सरकारी बूट होते. चामड्याचे! उपासाच्या दिवशी आपल्यातलं शेंबडं पोरही पायात चामडं घालत नाही. मला वाटलं, कुणी गोरा शिपाई सोंग घेऊन आलाय. मग शालीतून हात निघाला, ओवादियाकडे बोट झालं, आणि शालीच्या कोपऱ्यावर आईने केलेला निळा रफू मला दिसला.

थू तुझ्यावर! नोकरी धरलीस, पोटासाठी म्हणून मी गप्प बसले. पण बाबांची शाल? लहानपणी देवळात आशीर्वादाच्या वेळी बाबा तिच्याखाली आपल्या दोघांना घ्यायचे. तिच्यात लपून तू शेजाऱ्याची चुगली केलीस. तुझी किळस येते मला. एका ताटात जेवलो, त्याचीही येते.

आई सकाळी विचारत होती, “शिंग ऐकून शबतायच्या डोळ्यांत पाणी आलं असेल, नाही गं?” मी कांदा चिरायला घेतला.

आता ऐक. तुमचे शिपाई पुरुषांच्या कमरा चाचपतात, बायकांना हात लावत नाहीत. शिंग माझ्या झग्याखाली होतं. ओवादिया मेला तरी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. हे पत्र मीच चौकीवर देऊन जाईन. साहेबाला खुशाल दाखव.

नाहीतर संध्याकाळी मांडवात ये आणि आईसमोर माझ्याकडे बोट कर. शाल घेऊन ये. आणि येताना तेच बूट घाल. तिलाही पाहू दे.

जन्माने तरी तुझी बहीण,
रेना