गिटार अल्फ्रेडाला, कद्दीश द्वोराने

मी हर्शेल लिप्किन, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा गाणं-वाजवणं, राहणार ब्रुकलिन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. दारू सोडून सदतीस वर्षं झाली, तेव्हा माझ्या शुद्धीबद्दल भाऊ सीमोर सोडून कोणाला शंका नसावी. आधीचे सर्व कागद रद्द समजावेत.

१. राहतं घर मुलगी द्वोरा हिला. सीमोरला काही नाही. वडील आम्हा ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना गात; मी काळ्यांचं ब्लूज गाऊ लागलो तेव्हा सीमोर म्हणाला, "बापाचा गळा घेतलास आणि गुत्त्यात नेऊन बसवलास." पुढे फुकट पासांसाठी दारात उभा राहणारा हाच.

२. 'हॅरी लेन' या नावाने निघालेल्या रेकॉर्डांचे हक्कही द्वोराला. ते नाव मॅनेजर मॉर्टी क्रान्झने चिकटवलं. "लिप्किन म्हटलं की लोकांना ज्यू शिंपी आठवतो," म्हणे. एक्केचाळिसाव्या वर्षी मी शब्बाथ, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंतचा देवाचा दिवस, पाळू लागलो, शुक्रवार संध्याकाळचे कार्यक्रम सोडले. तेव्हा ओरडला, "अरे, देवाला मंगळवारी भेट की! मंगळवारी तुला कुत्रं विचारत नाही!" मॉर्टीला माझे स्टेजवरचे बूट द्यावेत. चाटायची सवय आहेच.

३. गिटार. ती मला मेम्फिसच्या क्लीटस बॅरो यांनी दिली, ब्लूजही त्यांनीच शिकवलं. एकदा वाजवता वाजवता थांबून म्हणाले, "पोरा, आम्हा काळ्यांचं रडणं झकास रडतोस. तुझ्या घरचं कुठं ठेवलंस?" त्या प्रश्नानेच मी सिनेगॉगची पायरी पुन्हा चढलो. त्यांची अंत्ययात्रा शनिवारी निघाली. शब्बाथला गाडीत बसायचं नाही, वाद्याला हात लावायचा नाही. मुक्कामापासून चर्चपर्यंत सात मैल चालत गेलो आणि नुसत्या गळ्याने वडिलांची प्रार्थना गायलो. क्लीटस यांच्या पत्नी रूबीबाईंनी खुर्ची पुढे केली. "आज तुझं गायलास," म्हणाल्या.

वर्तमानपत्राने छापलं, 'गिटार न आणून गुरूचा अपमान.' आमच्या सिनेगॉगच्या कमिटीने ठरवलं, 'चर्चमध्ये गायला, बाटला.' दोन्हीकडच्या पंडितांनी मिळून सात पावलंही टाकली नव्हती.

गिटार क्लीटस यांची नात अल्फ्रेडा हिला. ती वाजवते. कुठल्याही संग्रहालयाने काचेच्या पेटीची भाषा करू नये.

४. माझ्यामागे अकरा महिने कद्दीश, मेलेल्या आईबापासाठी मुलाने म्हणायची प्रार्थना, द्वोराने म्हणावी, मोठ्याने. कमिटीचे झेलिग फाइनमन घरी येऊन सांगून गेले, "मुलगा नाही तुम्हाला. आम्ही माणूस लावू. बाईचा आवाज चालायचा नाही." यांना चाळीस वर्षं माझाही चालला नाही. लावलेल्या माणसाला बाहेर उभं करावं.

द्वोरा म्हणाली, "बाबा, मला हिब्रू अक्षरं येत नाहीत. आणि माझा विश्वासही नाही."

"फाइनमनचा तरी कुठं आहे?" मी म्हटलं.

तेव्हापासून रोज दुपारी स्वयंपाकघरात बसून शिकते. काल एका ओळीत चार चुका केल्या. मी दुसरीकडे तोंड करून ऐकलं. मला रडताना तिने पाहू नये म्हणून.

त्या चुका कोणीही दुरुस्त करू नयेत.

हर्शेल लिप्किन (सही)

आमच्या डोळ्यांदेखत सही केली:
१. इर्विंग पासमन, शेजारी
२. लुसिल टेट, परिचारिका

ब्रुकलिन, १४ मार्च २०१९