पहिली भेट कधी?

नंदाखाल, विरार (प.)
१२ जानेवारी २०२५

प्रिय गॉडफ्रे,
स. न. वि. वि.

काल आपण फोनवर तासभर बोललो आणि आज मी तुला पत्र लिहायला बसले, याचं पप्पांना फार हसू येतंय. पण आपल्या व्हिसाच्या एजंटचा, सॅमीचा, हुकूम आहे. शुक्रवारी वसई स्टेशनजवळच्या त्याच्या ऑफिसात गेले होते. तो म्हणाला, फोनच्या कॉलची यादी सगळेच फाईलला लावतात, पण नवराबायकोने हाताने लिहिलेली पत्रं, शिक्का मारलेल्या पाकिटासकट, कोणी लावत नाही. आपलं लग्न खरं आहे हे कॅनडाच्या साहेबाला पटलं तरच मला पीआर, म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी, मिळणार आणि मी तुझ्याकडे येणार. लग्नानंतर आपण एका छपराखाली राहिलो तेवीस दिवस. साहेबाच्या जागी मी असते तर मलाही शंका आली असती.

तेव्हा साहेब, तुम्हालाही नमस्कार. तुम्ही पुरुष आहात की बाई तेसुद्धा मला ठाऊक नाही. दिवसाला किती जोडपी वाचता? दुपारच्या डब्यात काय आणता? आणि तुमचं स्वतःचं लग्न कसं जमलं? आमचं सगळं तुम्ही विचारलंत, म्हणून आपलं विचारते.

गॉडफ्रे, तू फोनवर खोली दाखवतोस, पण फोनमधून वास येत नाही. तुझ्या जिन्यात कसला वास येतो? बर्फावरून चालताना आवाज होतो की नाही? खिडकीतून ऊन येतं ते पलंगावर पडतं की टेबलावर? हसू नकोस. मला जिथे राहायचं आहे ती जागा मला माहीत नको?

पप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, पण साखर उतरेपर्यंत ऑपरेशन नाही. अक्षर म्हणून दिसत नाही. जन्मभर मुख्याध्यापकी केलेल्या माणसाला हे फार जड जातंय. सकाळी मी पेपर वाचून दाखवते, सुरुवात निधनवार्तांपासून. पतपेढीचे कागद, लाईटबिल, सगळं मीच वाचते आणि मी बोट ठेवीन तिथे ते सही करतात. आल्यागेल्याला सांगतात की सून मी निवडली, पोराने तिला पहिल्यांदा पाहिली ती माझ्या समोर, माझ्या हॉलमध्ये. त्या वेळी रोझीमावशी बसलेली असली की तिला खोकला येतो. याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

माया आहेच, टपालात भिजली तर वाळवून घे.

तुझी,
जीना

•

विनिपेग
४ फेब्रुवारी २०२५

प्रिय जीना,
स. न. वि. वि.

आज आपल्या लग्नाला वर्ष झालं. सकाळी केक आणला आणि एकट्याने कापला. घरमालकिणीला एक तुकडा दिला, तर तिने विचारलं की तुझी बायको खरोखर आहे ना? म्हणजे साहेबाच्या आधी हिलाच कागदपत्रं दाखवावी लागणार असं दिसतंय. मी लग्नाचा अल्बम खाली नेला. तुझ्या डोक्यातली फुलं खरी आहेत का आणि मांडवात एवढी माणसं कोण, असं ती विचारत राहिली. अर्ध्यांची नावं मलाही सांगता आली नाहीत.

आता तुझी प्रश्नपत्रिका. जिन्यात परतलेल्या कांद्याचा आणि ओल्या बुटांचा वास येतो. थंडी उणे पंचवीसच्या खाली गेली की बर्फ पायाखाली कुरकुरतो, नव्या कोऱ्या चपलेसारखा. ऊन टेबलावर पडतं, तेही फक्त दोन तास. पलंगावर पडत असतं तर मी कामावर गेलोच नसतो.

माझेही प्रश्न घे. मुलाखत झाली तर असलं काहीबाही विचारतात म्हणे. तू पलंगाच्या कोणत्या बाजूला झोपतेस? मी आठवून पाहिलं, पण तेवीस दिवसांत आपण बाजू ठरवलीच नव्हती. चहात साखर किती घेतेस? तुला कशाची भीती वाटते? हा शेवटचा यादीतला नाही, माझा आहे. पप्पांच्या साखरेवर लक्ष ठेव. फणसपोळी ते कपाटात वरच्या डब्यात लपवतात.

तुझी माया अशीच पानभर येत राहो.

तुझा,
गॉडफ्रे

•

विनिपेग
२५ मार्च २०२५

प्रिय जीना,
स. न. वि. वि.

हे पत्र फाईलला लावायचं नाही. फोनवर बोललो असतो, पण पप्पा शेजारी बसलेले असतात. डोळे गेले तरी कान तिखट आहेत त्यांचे.

इमिग्रेशनच्या ऑफिसातून पत्र आलंय. तुझ्या आणि माझ्या फॉर्ममध्ये एक प्रश्न सारखाच होता, पहिली भेट कधी आणि कुठे झाली. तू लिहिलंस, ऑगस्ट २०१९, वालीवचा व्हॉल्व्हचा कारखाना. मी लिहिलं, २८ डिसेंबर २०२३, नंदाखालला आमच्या घरी, बघण्याच्या कार्यक्रमात. चार वर्षांचा फरक पडला. त्यांनी विचारलंय की हे दोघं एकमेकांना नक्की ओळखतात का. मेअखेरपर्यंत खुलासा द्यायचा, नाही तर अर्ज नामंजूर.

चूक माझी. फॉर्म भरताना पप्पा फोनवर होते आणि मोठ्या हौसेने एकेक तारीख सांगत होते. त्यांना कसं सांगू की तुमच्या हॉलमध्ये मी जिला शिक्षण विचारलं, तिच्याबरोबर दोन वर्षं एका कॅन्टीनमध्ये वडापाव खाल्लाय? पप्पा चर्चच्या लग्नतयारी शिबिरात पोरांना सांगायचे की जोडीदार थोरांच्या नजरेखालून गेला पाहिजे. माझ्यासाठी त्यांनी आगाशीचं स्थळ जवळजवळ ठरवलं होतं. म्हणून रोझीमावशीला हाताशी धरलं आणि तुझं स्थळ तिनेच शोधल्यासारखं आणलं. आपल्याला वाटलं, साप मेला आणि काठीही तुटली नाही. आता काठी साहेबाच्या हातात आहे.

सॅमीने मार्ग काढलाय. घरच्या वडीलधाऱ्याने लिहून द्यायचं की ही ओळख आपल्याला पहिल्यापासून माहीत होती आणि मुलाकडून तारीख चुकून पडली. मजकूर सोबत आहे, इंग्रजीत आणि मराठीत. पप्पांची सही हवी. तू बोट ठेवशील तिथे ते करतातच. वाचून दाखवायची गरज नाही. मी हे लिहितोय आणि मला बरं वाटत नाहीये, पण दुसरं काही सुचत नाही. अर्ज फेटाळला तर पुन्हा पहिल्यापासून, आणखी दोन वर्षं. मला ती काढवणार नाहीत, जीना.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा,
गॉडफ्रे

•

नंदाखाल
२२ एप्रिल २०२५

प्रिय गॉडफ्रे,
स. न. वि. वि.

तुझं पत्र दारावरच्या भाजीवालीशी मी घासाघीस करत असताना आलं. वाचलं आणि तिला मेथीच्या दोन जुड्यांचे पैसे देऊन एकच घरात आणली. तेव्हापासून तो कागद आठ दिवस बायबलखाली ठेवला होता. गुड फ्रायडे झाला, ईस्टर झाला. उपवासकाळात कन्फेशनला गेलीस का, असं पप्पांनी विचारलं, तेव्हा मी केळीला पाणी घालायचं राहिलंय म्हणून वाडीत पळाले.

काल सकाळी पेपर वाचून झाला. मी कागद टेबलावर ठेवला आणि पप्पांचं बोट धरून सहीच्या जागेवर नेलं. त्यांनी पेन उघडलं. कसला कागद आहे म्हणून विचारलं, तर मी म्हटलं, तुझ्या ऑफिसचा. बरं म्हणाले, आणि पेन टेकवलं. गॉडफ्रे, एवढंच बाकी होतं. मला नेहमी वाटायचं, खोटं बोलताना माणसाला आतून काय होत असेल. फार काही होत नाही. हात थोडा गार पडतो, बस.

मग मी त्यांना थांबवलं. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. जो माणूस माझ्या तोंडून आलेलं अक्षर न् अक्षर खरं मानतो, त्याच्यापुढे मला ते जमेना. मी तो मजकूर पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला. यातलं काय खोटं आणि काय खरं ते सांगितलं. वालीव, कॅन्टीन, रोझीमावशी, सगळं. तुझं नाव पुढे करून मी सुटले नाही, नाटकाची कल्पना माझी होती हेही सांगितलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि ओट्यावर जाऊन बसले.

कालपासून नुसते जेवतात, औषध घेतात, आज पेपर वाचू का विचारलं तर मानेनेच नको म्हणाले. तू विचारलं होतंस मला कशाची भीती वाटते. याची वाटते. इथेच राहावं लागेल याची नाही, या घरात मला कोणी काही वाचायला सांगणार नाही याची. सही मिळेल असं वाटत नाही. माझ्यामुळे अर्ज गेला तर मला बोल, पण लगेच बोल, मनात साठवू नकोस.

मी पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला झोपते.

रागातही थोडी माया ठेवशील ना?

तुझी,
जीना

•

नंदाखाल
२६ एप्रिल २०२५

चि. गॉडफ्रे यास,
अ. आ.

अक्षर जीनाचं आहे, शब्द माझे. एकही गाळायचा नाही असं तिला बजावलं आहे.

मला राग आला होता आणि अजून आहे. माझ्याच हॉलमध्ये तुम्ही माझ्यापुढे नाटक केलंत. तू शिक्षण विचारलंस, ती मान खाली घालून बी.कॉम. म्हणाली आणि मी मनातल्या मनात तिला विनयाचे गुण दिले. मान हसू लपवायला खाली होती, हे आता कळलं. (लिहिताना ती पुन्हा हसते आहे. हेही लिही म्हटलं.) चर्चमध्ये तीन रविवार तुमच्या नावांची घोषणा झाली, कोणाची हरकत आहे का म्हणून फादरांनी विचारलं, तेव्हा मी पुढच्या बाकावर ताठ बसलो होतो. गावात मी काय काय सांगत फिरलो ते तुला माहीत आहे. रोझीच्या खोकल्याला मी आल्याचा रस सुचवला होता.

चार दिवस मी एकाच गोष्टीचा विचार केला. रागाने विचारत नाही, खरंच जाणून घ्यायचं आहे. इतकी वर्षं तुला माझी कसली भीती वाटली? वर्गात मी मुलांना सांगायचो की खरं सांगितलंत तर छडी नाही, आणि ती सांगायची. तू घरी का सांगितलं नाहीस? तेव्हा सांगितलं असतंस तर मी हो म्हणालो असतो का, हेही स्वतःला विचारून पाहिलं. छातीठोकपणे सांगता येत नाही. तुझं उत्तर पत्राने पाठव. फोनवर तू नुसतं हो पप्पा, हो पप्पा करतोस.

सॅमीचा कागद मी फाडून टाकला. काल दुसरा लिहून घेतला. माझा जुना सहकारी फर्डिनंड याने त्याचं इंग्रजी केलं आणि दोन्ही मला तीनदा वाचून दाखवले. त्यात लिहिलं आहे की, माझा मुलगा आणि सून २०१९ पासून एकमेकांना ओळखत होते आणि ते त्यांनी माझ्यापासून लपवलं. माझ्या मुलाने दिलेली तारीख खोटी आहे आणि ती त्याने माझ्या धाकाने दिली. मला वाचता येत नाही. माझ्या सुनेला हवी ती सही माझ्याकडून न वाचता मिळत होती, पेन कागदाला टेकलं होतं, आणि तिने माझा हात धरला. नवऱ्याकडे जाण्याची वाट स्वतःच्या हाताने बंद होईल हे ठाऊक असून धरला. हे लग्न खोटं आहे असं आपल्याला वाटत असेल, तर आपण मला बोलवावं, मी येईन.

याने साहेबाचं समाधान होईल की नाही, मला माहीत नाही. सॅमी म्हणतो, असलं कोणी लिहून देत नाही. नसेल देत.

जीना गेल्यावर तुला पेपर कोण वाचून दाखवणार, असं फर्डिनंडने विचारलं. मी म्हटलं, तू. त्याने आज नमुना म्हणून वाचून दाखवला. निधनवार्ता तो क्रिकेटच्या स्कोअरसारख्या भराभर वाचतो, कोण गेलं ते कळत नाही. तरी चालेल. तिचं जाणं माझ्या पेपरासाठी अडायला नको. इथपर्यंत लिहून तिने पेन खाली ठेवलं होतं. मी पुन्हा हातात दिलं.

त्या कागदावर सही मी स्वतः केली आहे. फर्डिनंड म्हणतो ती ओळ सोडून खाली उतरली आहे. उतरू दे. कशावर केली ते मला माहीत आहे.

आशीर्वाद दोघांनाही, एकत्र.

तुझे,
पप्पा