सत्काराला गैरहजर

प्रिय श्यामू,

फोनच करणार होते, पण अप्पांचा विषय निघाला की तुमच्या पुण्यातली रेंज नेमकी जाते, म्हणून चक्क पत्र लिहितेय. बारशाचं बोलावणं पोचलं. ‘तू एकटीच ये’ हेही पोचलं. तुझं लग्न होऊन दोन वर्षं होतील, पण बापलेकीचा अबोला काही सुटत नाही. मधल्यामध्ये मरण माझं.

आधी इथली बातमी सांगते. रविवारी मळमड्डीतल्या लोकांनी आपल्या पोलीस ठाण्यातल्या तिघांचा सत्कार केला. त्यात अप्पांचंही नाव होतं. मुलं परदेशी गेलेल्या म्हाताऱ्यांच्या दारात हे रोज सकाळी डोकावतात, कुणाची औषधं आणून देतात. गेल्या पावसाळ्यात अनसूयाबाईंना तर पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं. सत्कार सपत्नीक, म्हणून मी तुझ्या लग्नातली हिरवी इरकल नेसले. निघणार तोच यांचा फोन. गोकुळ रोडला मंत्री येणार, बंदोबस्ताला जायचंय. साहेब शेजारी असले की हे माझ्याशीही कानडीतच बोलतात. ‘नी होगू’, तू जा, एवढंच म्हणाले. स्वतःच्याच सत्काराला दांडी मारणारा सत्कारमूर्ती तू कधी पाहिलायस?

स्टेजवर बाकीचे दोघे जोडीने, मी एकटी. शाल मला पांघरली, पण फेटा कुणाच्या डोक्यावर ठेवणार? शेवटी माझ्या हातात दिला. लोक हसले, मीही हसले. मग वकील सुधींद्र भाषणाला उभे राहिले. म्हणाले, असा कर्तव्यदक्ष हवालदार, पोटच्या मुलीचं लग्न सोडून बंदच्या बंदोबस्ताला उभा राहिला! सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. माझ्या हातात फेटा होता म्हणून बरं, नाहीतर सवयीने मीही वाजवल्या असत्या. अप्पांच्या जागी सुमंतकाका कन्यादानाला बसले तेव्हा तू सारखी मांडवाच्या दाराकडे बघत होतीस. आणि मी तुला दटावलं, पोलिसाच्या मुलीने असं रडायचं नसतं म्हणून. का म्हणाले गं मी तसं? फार वाईट वाटतं.

हे घरी आल्यावर भाषणाचं सांगितलं. फेट्याला हातसुद्धा लावला नाही यांनी. म्हणाले, कसलं कर्तव्य? रजा मागितली, साहेब नाही म्हणाले, आणि पुन्हा मागायची माझी हिंमत झाली नाही. एवढंच झालं होतं. इतकी वर्षं मी ज्याला कर्तव्य म्हणत आले, ती नुसती भीड होती.

आता पत्राचं खरं कारण. बारशाला दोघांनाही बोलावलंय, असं मी यांना खोटंच सांगितलं. वाटलं, नेहमीसारखं जमणार नाही म्हणतील आणि माझं खोटं झाकलं जाईल. पण यांनी रजा मागितली. साहेब नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी हे पुन्हा गेले. रजा मिळालीय, श्यामू. कालपासून बॅग भरताहेत. त्यांना एक फोन कर. तुझं बोलावणं त्यांना आलेलंच नाही, हे अजून फक्त आपल्या दोघींनाच ठाऊक आहे.

तुझीच, आणि इलाज नाही म्हणून त्यांचीही,
आई